फडावरचे दुसरे सत्र

माकणीला तेरणेचे पाणी अडले आणि भोवतालच्या ज्वारी-तुरीच्या रानांत ऊस दिसू लागला. ज्यांच्या वाट्याला निम्न तेरणा प्रकल्पाचे हे पाणी आले त्यांची घरे बारा महिने एका जागी राहिली. ज्यांच्या वाट्याला नुसता माळ आला त्यांचे घर दसरा-दिवाळी उलटली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते. लोहारा-उमरग्याच्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून, तिकडे वरच्या अंगाला कळंब-वाशी-भूममधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पत्र्याची पेटी, पातेली, गोधड्या, पिठाचे पोते, एखादी शेळी, तान्हे मूल आणि त्या तान्ह्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कुणी थेट बेळगाव-बागलकोटकडे, जिथे गाडी थांबताच दुकानाच्या पाटीवरची अक्षरेही अनोळखी होतात. परत यायला गुढीपाडवा उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. जूनमध्ये सुरू झालेले शाळेचे वर्ष मात्र दिवाळीला मध्यावर आलेले असते. पहिल्या सत्रात जिने भागाकाराला हात घातला, तिचे दुसरे सत्र उसाच्या फडावर जाते.

याच भागातून दुसरेही एक कुटुंब काही काळासाठी परमुलखात जाते. पुण्यात नोकरी लागलेला मुलगा कंपनीच्या कामावर दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला जातो, बायको-मुले बरोबर जातात. परत यायचेच आहे, मग मुलांचा इथला अभ्यासक्रम तुटायला नको, असे त्या घरात ठरते. बालभारतीची पुस्तके संगणकावर उतरवून घेता येतात. मोठ्या मुलासाठी 1989 पासून चालत आलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, नाहीतर परतल्यावर बाहेरून परीक्षेला बसायचा आपला सतरा नंबरचा फॉर्म आहेच. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत मराठीची उजळणी होते. अशा घराचे कौतुक होते, आणि ते व्हावेही. आपले मूल आपण शिकवावे असे वाटणे, त्यासाठी रोज बैठक मारणे, ही सोपी गोष्ट नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हे दोन्ही संसार तात्पुरते, दोन्हीकडे शाळेचे वर्ष मधेच मोडलेले, दोन्हीकडे आईबाप हीच मुलाच्या जवळची मोठी माणसे. तरी एका घरात शिकणे चालू राहते आणि दुसऱ्यात थांबते. हे कशामुळे, असे विचारले की उत्तर तयार असते: आईबापांची अनास्था, अडाणीपणा, पैशाची हाव. हे उत्तर मला पटत नाही, कारण त्यात एका साध्या वस्तूचा हिशेबच धरलेला नाही. ती वस्तू म्हणजे मोठ्या माणसाचा मोकळा वेळ.

घरी शिकवणारे पालक सांगतात की प्राथमिक वयाच्या मुलाला रोज दोन-तीन तास पुरतात. चाळीस मुलांच्या वर्गात जे दिवसभरात होते ते एका मुलाबरोबर तेवढ्यात उरकते. म्हणजे घरच्या शाळेचे भांडवल दोन तासांचे. आता हे दोन तास ऊसतोडणाऱ्यांच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, शोधू. पहाटे अंधार असतानाच फड गाठायचा, कारण ऊन चढायच्या आत जेवढा ऊस आडवा होईल तेवढा बरा. तो तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाईने यात पुरुषाइतकेच राबायचे, आणि त्याच्या आधी नि नंतर पाणी, चूल, धुणे. मजुरी जोडप्याची, म्हणून त्या जोडप्याचेच नाव एक कोयता. जानेवारी 2024 मधल्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि त्याला बारा तास लागले असे धरले, तर तासाला 61 रुपये पडतात, तेही दोघांचे मिळून. दोघांपैकी एकाने रोज दोन तास बाजूला काढून मुलाजवळ पाटी धरली तर रोजचे 61 रुपये गेले. दीडशे दिवसांच्या हंगामात नऊ हजारांवर रक्कम गेली. ती खिशातून जात नाही, कारण खिशात काही नसतेच. ती उचलीत चढते. टोळी जमवणाऱ्या मुकादमाने पावसाळ्यात आगाऊ दिलेली उचल टनांवर फेडायची असते, आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामाला दाराशी उभी राहते. त्यात हा हिशेबही कागदावरचा, कारण फडात तास मोजून सुट्टी मिळत नाही. एक जण हलला की दुसऱ्याचे काम अडते, दिवस मोडला तर खाडा धरून दंड कापतात. न्यू जर्सीच्या आईला व्हिसाच्या अटीमुळे नोकरी करता येत नसेल, तर तिच्या मनाला त्याचा सल असतो, पण मुलाला मात्र त्याच सक्तीच्या रिकामपणातून शाळा मिळते. ऊसतोडणीच्या बाईला नोकरीबंदीची चैन परवडणारी नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. शाळा म्हणजेच शिक्षण हे कुणी सांगितले? इव्हान इलिच यांनी 1971 मध्ये शाळा नावाच्या संस्थेवरच प्रश्नचिन्ह लावले. जॉन होल्ट यांनी 1977 पासून शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक चालवले. मुलाला मोठ्यांच्या खऱ्या कामात वावरू द्या, ते आपोआप शिकते, हा या विचाराचा गाभा. मग फडाइतके खरे काम कुठे आहे? तिथली मुलगी मोळ्यांवरून टनांचा अंदाज बांधते, वाढे विकून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवते, बैलाचा पाय कुठे दुखतो ते ओळखते, तीन दगडांच्या चुलीवर वाऱ्याची दिशा पाहून जाळ लावते. शहरातल्या महागड्या शिबिरांत हेच पैसे देऊन शिकवतात. हे सगळे मान्य. पण होल्ट यांच्या मुलाला एक गोष्ट मिळत होती जी या मुलीला मिळत नाही: नको असेल तेव्हा काम सोडून देण्याची मुभा. तान्ह्याला कडेवर घेतलेल्या बहिणीला कुतूहलामागे धावता येत नाही. शिवाय हाती आलेले ज्ञान पुढे न्यायला कुणीतरी लागते. टनांचा अंदाज बांधणाऱ्या मुलीला मुकादमाच्या वहीतला आकडा वाचता आला, त्यातली वजाबाकी तपासता आली, तर तोच अंदाज तिच्या बापाच्या उपयोगी पडेल. ते शिकवणारा माणूस फडावर नाही. म्हणून फडाला शाळा म्हणणारे मला थोडे निर्दय वाटतात, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी.

मग कायद्याने काय केले? 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेचा हक्क देतो. वयानुसार वर्गात बसवा, दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारू नका, असे तो स्पष्ट सांगतो. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचे, ते दाखवून त्याने जिथे जाईल तिथल्या शाळेत बसायचे, अशी सोय महाराष्ट्राने केली. कागदावर ही फार सुंदर व्यवस्था आहे. पण कोपी गावापासून दूर, कारखान्याच्या अड्ड्यावर किंवा पडीक रानात असते. फड संपला की टोळी दुसऱ्या शिवारात सरकते. आईबाप पहाटे गेलेले, तेव्हा मुलाला शाळेत पोचवणार कोण? आणि सीमा ओलांडली की भाषा आडवी येते. तांड्यावरचे मूल घरात गोरबोली बोलते, गावच्या शाळेत मराठीवर नुकते कुठे स्थिरावते, आणि पौषात त्याला कन्नडच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे असते. तीन भाषांमध्ये वाढणे ही श्रीमंती ठरू शकते. तिथे मात्र ते मूल तीन महिने गप्प बसून परत येते.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण मला बोलके वाटते, आणि अपेक्षेच्या उलट दिशेने. तिथे शाळा सक्तीची म्हणजे खरोखर सक्तीची. घरी शिकवण्याला जवळजवळ जागाच नाही. 2008 मध्ये एक जर्मन कुटुंब मुलांना घरी शिकवता यावे म्हणून देश सोडून अमेरिकेला गेले आणि तिथे आश्रय मागत वर्षानुवर्षे न्यायालयात लढले. कामानिमित्त म्युनिकला गेलेल्या मराठी आईबापांनाही मूल शाळेत घालावेच लागते, मग त्याला जर्मन येवो न येवो. व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्याला हे जाचक वाटेल, मलाही काही अंशी वाटते. पण त्याच देशात नॉर्थ राइन-वेस्टफालिया प्रांतात सर्कशीच्या मुलांसाठी एक शाळा चालते, आणि तिचे वर्ग चाकांवर आहेत. शिक्षक गाडीतला वर्ग घेऊन सर्कशीचा तंबू जिथे पडेल तिथे जातात. सक्ती करायची तर सरकारलाही तिच्यामागे चालत जावे लागते, हे तिथे ओळखले गेले. आपण सक्तीचा कायदा घेतला. चाके घेतली नाहीत.

आणि ती बाहेरून आणायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी काम मांडले तेव्हा मोठी मुले शाळेत का येत नाहीत हे त्यांनी नीट पाहिले. ती गुरे राखत होती. मग त्यांनी कुरणशाळा काढली: गुरे जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार. तिकडे जम्मू-काश्मीरमध्ये गुज्जर-बकरवाल मेंढपाळांच्या मुलांसाठी उन्हाळ्यात उंच कुरणांवर हंगामी शाळा भरतात, कळपाबरोबर शिक्षक वर चढतात. आपल्याकडेही साखरशाळा झाल्या. तेव्हाच्या औरंगाबादच्या जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात त्या चालवल्या, अड्ड्यावरच मुलांना मराठीतून शिकवले. पुढे शिक्षण हक्काचा कायदा आला, आणि वेगळ्या शाळा कशाला, नियमित शाळेतच बसवा, या तर्काने त्यांचा जोर ओसरला. तर्क तत्त्वाने बरोबर होता. साखरशाळा दुय्यम दर्जाची ठरण्याचा धोका खराच होता. तरी ज्या शाळेपर्यंत मूल पोचत नाही तिचा दर्जा त्याच्या काय कामाचा, हा प्रश्न त्या तर्कात राहून गेला.

हंगामी वसतिगृहांचे काय, असे कुणी विचारील. मुलाला गावातच ठेवायचे, आजी-आजोबा किंवा शाळेची समिती सांभाळणार, जेवणाची सोय सरकार करणार. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी ही योजना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. जिथे ती मन लावून चालते तिथे गळती थांबते, भाषा तुटत नाही. पण सहा वर्षांच्या पोराला सहा महिने आईपासून तोडायचे का, हा निर्णय आईबापांचा आहे आणि त्यांनी नाही म्हटले तर त्यांना दोष देता येणार नाही. न्यू जर्सीला जाणाऱ्या कुटुंबाला आपण कधी म्हणत नाही की मूल इथेच वसतिगृहात ठेवून जा. आणि मोठी बहीण तर वसतिगृहात राहूच शकत नाही, कारण तिच्यामुळेच आईचे हात कोयत्याला मोकळे होतात. अड्ड्यावर पाळणाघर नाही तोवर तिची शाळा नाही. मोबाइलवर शिकवण्याची कल्पना 2020 च्या टाळेबंदीने पुरती तपासून झाली आहे. घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप फडात. हार्वेस्टर आले की हा प्रश्नच मिटेल असेही ऐकू येते. मिटेल कदाचित, पण त्या वेळी आज आठ वर्षांची असलेली मुलगी स्वतः कोयता झालेली असेल.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की घराबरोबर शिकवणारा माणूस गेला पाहिजे. प्रत्येक टोळीमागे नव्हे, पण प्रत्येक मोठ्या अड्ड्यामागे एक. तो त्याच तालुक्यातला असावा, मुलांची बोली त्याला कळावी, आणि त्याच्या सोबत एक बाई पाळणाघर सांभाळायला. गावच्या शाळेच्या हजेरीपटावरच ही मुले राहावीत, म्हणजे परतल्यावर नव्याने नाव घालायला नको. पैशाचे विचाराल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे 50 लाख होतात, शासनाचे धरून एक कोटी. शिक्षकाला महिन्याला 20 हजार आणि पाळणाघराच्या बाईला 12 हजार दिले, सहा महिने आणि दहा अड्डे धरले, तर खर्च 19 लाख 20 हजार येतो. पाट्या, ताडपत्री, सौरदिवे धरून 25 लाखांत भागते. हा पैसा विमा, आरोग्य, वसतिगृहे अशा सगळ्या कामांचा आहे हे खरे, पण चौथाई तरी मुलांच्या वाट्याला यायला हरकत नसावी. अडचण वेळापत्रकाची आहे. मुकादम उचल वाटून टोळीची यादी गणपतीच्या आसपास पक्की करतो, आणि शिक्षण खात्याचे स्थलांतराचे सर्वेक्षण हंगाम सुरू झाल्यावर हाती लागते. नेमणुका त्यानंतर काढल्या तर ट्रॉल्या केव्हाच निपाणी ओलांडून गेलेल्या असतात. कोणते कोयते कुठल्या कारखान्याला जाणार हे गावात भाद्रपदातच सगळ्यांना ठाऊक असते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी ते तेव्हाच विचारून घ्यावे.