‘फिअर’ची राइड

व्हँकूव्हरला गेलं की लोक स्टॅनली पार्कात सायकल चालवतात, कॅपिलानोच्या झुलत्या पुलावर फोटो काढतात. आम्ही दोघी गेलो एका जुन्या सिनेमातल्या रोलर कोस्टरवर बसायला. सिनेमा लव्हस्टोरी वाटतो. तीच तर भानगड आहे.

‘तू दहा हजार किलोमीटर लांब आलीस ते जत्रेतल्या पाळण्यात बसायला?’ माझी एके काळची रूममेट म्हणाली. ती व्हँकूव्हरला लागून असलेल्या बर्नबीत राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि पुण्यात होती तशीच अजूनही सकाळी चहाआधी कुणाशी बोलत नाही. चहा झाल्यावर तिने विचारलं, ‘कुठला पाळणा?’

मी म्हटलं, ‘‘फिअर’मधला.’

ती काही बोलली नाही. कप विसळला, जॅकेट घातलं आणि म्हणाली, ‘चल.’

‘फिअर’ १९९६चा. दिग्दर्शक जेम्स फोली. रीझ विदरस्पून तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती आणि रॅपर म्हणून गाजलेला मार्क वॉलबर्ग नुकताच सिनेमात स्थिरावत होता. सोळा वर्षांच्या निकोलला डेव्हिड भेटतो. देखणा, मृदू बोलणारा, कारचं दार उघडून धरणारा. दोघं एका लाकडी रोलर कोस्टरवर बसतात, मागे ‘द संडेज’ या बँडच्या आवाजात ‘वाइल्ड हॉर्सेस’ वाजतं आणि आपणही त्या डेव्हिडच्या प्रेमात पडतो. मग तो तिच्या मित्राला तुडवतो. मध्ये पडलेल्या निकोलच्या डोळ्यावर ठोसा मारतो. माफी मागतो. तिच्या वडिलांनी मारलं असं भासवण्यासाठी स्वतःला जखमा करून घेतो. छातीवर तिचं नाव कोरतो. शेवटी टोळी घेऊन तिच्या घरावर चालून येतो.

सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा, आधी काय आठवतं? रोलर कोस्टर! ठोसा नंतर.

कॅरेक्टर आर्टिस्ट शहर

गंमत म्हणजे सिनेमाची गोष्ट घडते अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये, पण हा रोलर कोस्टर आहे कॅनडात, व्हँकूव्हरमध्ये. या शहराला ‘हॉलिवूड नॉर्थ’ म्हणतात. इथे शूटिंग स्वस्त पडतं, म्हणून हे शहर वर्षानुवर्षं दुसऱ्या शहरांचे रोल करत आलंय. आपल्या जुन्या हिंदी सिनेमातल्या कॅरेक्टर आर्टिस्टसारखं. आज डॉक्टर, उद्या वकील, परवा मुलीचा बाप. ‘एक्स फाइल्स’चे पहिले पाच सीझन इथले. जॅकी चॅनच्या ‘रंबल इन द ब्राँक्स’मध्ये हेच शहर न्यूयॉर्क झालंय आणि इमारतींमागे चक्क डोंगर दिसतात! ब्राँक्समध्ये डोंगर, म्हणजे दादरमध्ये हिमालय दिसण्यातला प्रकार.

हा शोध तिनेच पुण्यात लावला होता. आम्ही चौघी कोथरूडला पेइंग गेस्ट होतो. २०१६चा पावसाळा, एक लॅपटॉप, मॅगीचे चार बाऊल आणि कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आलेला ‘फिअर’.

त्याच दिवसांत आमच्या बिल्डिंगसमोरच्या बसस्टॉपवर एक मुलगा उभा राहायला लागला. आमच्याच कॉलेजचा, एक वर्ष सीनियर. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. बस यायची, जायची, हा तिथेच. तो तिच्यासाठी उभा असायचा. आम्ही त्याचं नाव ठेवलं डेव्हिड. ‘अगं, तुझा डेव्हिड आलाय बघ, छत्री विसरलाय बिचारा!’ असं आम्ही गॅलरीतून ओरडायचो. ती हसायची. सुरुवातीला.

हेस्टिंग्ज स्ट्रीटने पूर्वेकडे

डाउनटाऊनपासून प्लेलँडला स्कायट्रेन थेट जात नाही. हेस्टिंग्ज स्ट्रीटने पूर्वेकडे जाणारी बस पकडायची. एका टोकाला काचेचे टॉवर आणि जेटी, दहा मिनिटांत डाउनटाऊन ईस्टसाइड लागतं आणि चित्र एकदम बदलतं. फुटपाथवर तंबू, ब्लँकेट्स, व्यसनाने पोखरलेली माणसं. कॅनडाच्या पोस्टकार्डांवर हा रस्ता नसतो. बसमधले लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. आपल्याकडे सिग्नलला काच वर करतात ना, तसंच.

पुढे हेस्टिंग्ज पार्क येतं. इथल्या जत्रेची परंपरा १९१०पासूनची आहे. पॅसिफिक नॅशनल एक्झिबिशन असं तिचं भारदस्त नाव, पण आत कापूस मिठाई, गुरांचे प्रदर्शन आणि पाळणे. याच आवारात १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, हजारो जपानी वंशाच्या कॅनेडियन लोकांना छावणीत पाठवण्यापूर्वी डांबलं होतं. गुरांच्या गोठ्यांत माणसं ठेवली होती. आज तिथेच आइस्क्रीमची रांग लागते. या शहराला दुसरा चेहरा लावायची सवय फक्त सिनेमापुरती नाही, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

आणि मग झाडांच्या वर ती दिसते. पांढऱ्या लाकडी पट्ट्यांची, आगपेटीच्या काड्यांनी बांधल्यासारखी जाळी. कार्ल फेअर यांनी आराखडा केलेला हा वुडन रोलर कोस्टर १९५८चा. डग्लस फर नावाच्या इथल्याच झाडाच्या लाकडाचा. उंची साधारण ७५ फूट, म्हणजे सात मजले. आजच्या स्टीलच्या राक्षसांपुढे हे काहीच नाही. पण स्टील गुपचूप पळतं, लाकूड बोलतं. गाडी गेली की अख्खा सांगाडा कुरकुरतो, हलतो. तो हलण्यासाठीच तसा बांधलेला असतो, ताठ राहिला तर मोडेल. हे वाचलेलं असूनही रांगेत पोटात गोळा येतोच.

रांगेतलं बोलणं

रांग अर्ध्या तासाची होती. ऊन छान होतं. समोर नॉर्थ शोअरचे डोंगर. मी मनात आठ वर्षं घोळवलेलं वाक्य जुळवत होते.

गोष्ट अशी की, त्या पावसाळ्यात डेव्हिड मला कँटीनमध्ये भेटला होता. डोळे भरलेले. ‘फक्त एकदा बोलायचंय. ती नाही म्हणाली तर मी परत दिसणार नाही.’ मला वाटलं, किती रोमँटिक यार! मी तिचा नंबर दिला. वर हेही सांगितलं की मंगळवार-शुक्रवार तिचा क्लास असतो, सातला सुटतो.

त्यानंतर दिवसाला चाळीस-चाळीस मिस्ड कॉल्स. नंबर ब्लॉक केला की नवीन सिम. क्लासच्या जिन्यात उभा. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभा. आणि एके दिवशी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिच्या गावी, तिच्या घरी पोचला. वडिलांच्या पाया पडला. ‘आमचं ठरलंय,’ म्हणाला. इतका शालीन वागला की वडिलांनी त्याला चहा दिला आणि ती खोटं बोलत्येय असं समजून तिला घरी बोलावून घेतलं. तिची सेमिस्टर बुडाली. सबंध वर्ष गेलं. चूक कुणाची? घरच्यांच्या मते तिची, ‘पोरगा एवढा मागे लागला म्हणजे हिनेच काहीतरी केलं असणार.’

नंबर कुणी दिला, हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

रांग दोन पावलं पुढे सरकली. मी म्हटलं, ‘तुला एक सांगायचंय. तुझा नंबर त्याला...’

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘पहिल्याच फोनवर त्याने सांगितलं होतं. तुझ्या मैत्रिणीचाही सपोर्ट आहे म्हणाला.’

‘तू बोलली का नाहीस?’

‘काय बोलणार? म्हणून तर मग तुम्हाला पुढचं काहीच सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही सगळ्या त्याच्या बाजूला आहात.’

चिडून नाही म्हणाली. हवामान सांगावं तसं म्हणाली. मला त्याचा जास्त त्रास झाला.

दीड-दोन मिनिटं

आमचा नंबर आला. दोघी शेजारी बसलो, मांडीवर दांडा आला. गाडी खडखडत चढायला लागली आणि डोक्यात ते गाणं आपोआप सुरू झालं. वर पोचल्यावर क्षणभर अख्खं शहर दिसतं, बंदर, डोंगर, सगळं. मग पोट वर राहतं आणि आपण खाली. मी आईच्या नावाने किंचाळले. ती शांत होती. ओठ हलत होते, बहुतेक आकडे मोजत होती. वळण, उतार, पुन्हा उतार, आणि संपलं. दीड-दोन मिनिटांचा खेळ.

खाली उतरताना पाय थरथरत होते आणि हसू आवरत नव्हतं. तेव्हा मला त्या सीनची ट्रिक कळली. रोलर कोस्टरवरची भीती गोड लागते, कारण दांडा घट्ट आहे, गाडी रुळावर आहे, ती थांबणार हे आधीच ठरलंय. आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः तिकीट काढून बसलोय. सिनेमा ही गोड भीती आपल्याला चाखवतो आणि ती त्या मुलाच्या नावावर जमा करतो. मग तो मागे लागतो तेव्हाही आपल्याला थ्रिलच वाटतं. जिची पाठ धरली जाते तिला ना दांडा असतो, ना रूळ. कधी थांबणार हे माहीत नसतं. तिने तिकीट तर काढलेलंच नसतं.

आपण कॅनडाला नावं ठेवायला नको. ‘डर’ १९९३चा. हीरो सनी देओल, पण थिएटरबाहेर सगळी पोरं नक्कल करायची ती शाहरुखच्या अडखळत्या किरणची. त्याच वर्षी कॅनडाने पाठलाग हा वेगळा गुन्हा ठरवला. कॅलिफोर्नियाने त्याआधी, १९९०मध्ये. त्याच १९९० साली आपल्या उल्हासनगरमध्ये दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला परीक्षेच्या वर्गात घुसून जाळलं होतं. एकतर्फी प्रेमातून. अख्खा महाराष्ट्र हादरला. तरी पाठलागाचं स्वतंत्र कलम यायला २०१३ उजाडलं, तेही दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर. आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी ‘रांझणा’ आला, ज्यात मुलीच्या मागे मागे फिरणं म्हणजेच खरं प्रेम!

आम्ही गेलो तो जुलै २०२४चा महिना होता. १ तारखेपासून भारतात नवी न्याय संहिता लागू झाली होती आणि पाठलागाचं जुनं ३५४-ड कलम ७८ झालं होतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. फोन, मेसेज, ऑनलाइन नजर ठेवणं, सगळं त्यात येतं. एक शब्द मात्र मला त्या बाकावर बसून वारंवार आठवत होता. कायदा म्हणतो, तिने स्पष्टपणे नको असल्याचं दाखवूनही वारंवार. म्हणजे ‘नाही’ एकदाच पुरे. माझी मैत्रीण किती वेळा नाही म्हणाली होती? मी मोजलं नव्हतं. मी गॅलरीत उभी राहून हसत होते.

‘परत बसायचं?’ तिने विचारलं.

‘तुला आवडलं?’

‘हो. थांबतं ना ते.’

आम्ही परत बसलो. या वेळी दोघीही ओरडलो.

संध्याकाळी बसने बर्नबीला परतलो. तिचं घर स्टॉपवरून डावीकडे, दोन मिनिटांवर. उतरल्यावर ती उजवीकडे वळली. मला वाटलं, दूध घ्यायचं असेल. कोपऱ्यापर्यंत गेली, एका दुकानाच्या काचेत मागचं बघितलं, मग वळून घराकडे चालायला लागली. मी विचारलं, ‘हे काय?’

‘काय काय?’ ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

आठ वर्षं, दुसरा देश, आणि तो मुलगा कुठे आहे याची कुणाला खबरही नाही. तरी रोज ती चार मिनिटं जास्त चालते. मी काही बोलले नाही. तिच्या बरोबरीने चालत राहिले.

जायचंय?

कुठे: प्लेलँड, हेस्टिंग्ज पार्क, पूर्व व्हँकूव्हर.
कसं: डाउनटाऊनहून हेस्टिंग्ज स्ट्रीटने पूर्वेकडे जाणारी बस.
कधी: उन्हाळ्यात. हिवाळ्यात राइड्स बंद असतात. निघण्याआधी वेळा तपासा.
सोबत: जिची एखादी माफी मागायची राहून गेलीये, ती मैत्रीण. रांग मोठी असते, बोलायला वेळ मिळतो.
आणि इथे, घरी: कुणी मागे लागलं असेल तर ११२. मैत्रिणीच्या मागे लागलं असेल तर आधी तिला विचारा. नंबर देऊ नका.