फाट्यावरची तांब्याची तार

वारंगा फाट्यावरच्या आमच्या हळदीच्या पेढीचा लँडलाइन कायमचा बंद झाला. लाइनमनने खांबापासून भिंतीपर्यंतची तार गुंडाळून नेली, कनेक्शन परत केल्याच्या कागदावर सही झाली. पेढीच्या शाखा त्याआधीपासूनच इंटरनेटवरून एकमेकींशी बोलत होत्या, आणि त्या जोडायचं काम माझ्याकडेच होतं. म्हणूनच या फोनबद्दल चार शब्द लिहिणं मला माझं कर्तव्य वाटतं.

नागपूर-यवतमाळकडून तुळजापूरला जाणारा आणि अकोला-हिंगोलीकडून नांदेडला येणारा, असे दोन मोठे रस्ते या फाट्यावर एकत्र येतात. कळमनुरी तालुक्यातल्या या ठिकाणी पेढीने शाखा काढली ती त्यामुळेच. मुख्य कचेरी सांगलीला, बाकीच्या शाखा वसमत आणि हिंगोलीत. हंगामात सांगलीचा भाव इथे वेळेवर कळला नाही, तर खरेदी अंदाजाने करावी लागे. मग 0233 फिरवायचं, भाव ऐकायचा, लिहून घ्यायचा, फोन ठेवायचा. एसटीडीचं मीटर पळत असायचं, त्यामुळे ख्यालीखुशाली विचारायला कुणी थांबत नसे. कांडीचा भाव, गट्टूचा भाव, किती पोती निघाली, एवढंच. फोनशेजारी दोरीने बांधलेली वही असे आणि प्रत्येक कॉल तीत लिहिला जाई. 1 मार्च 2006 पासून देशात कुठेही मिनिटाला एक रुपया असा दर आला, तेव्हा कुठे ती दोरी सैल झाली.

रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूच्या भोकांत हळदीची भुकटी बसायची. दर आठ-पंधरा दिवसांनी आमचे दिवाणजी ती टाचणीने काढत. बटणांवरचे आकडे पिवळे पडून पुसले गेले होते, तरी बोटांना नंबर पाठ होता.

भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या गावांत तासन् तास वीज नसायची. काटा बंद, पंखा बंद, आणि हा फोन मात्र चालू. लँडलाइनला वीज लागते ती घरातली नाही. एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून ती त्याच तांब्याच्या जोडतारेने येते. आवाज आणि वीज एकाच वाटेने. अंधाऱ्या गोदामात कानाला रिसीव्हर लावला की डायल टोन ऐकू यायचा. तो धीर मी पुढे कुठल्याच यंत्रात अनुभवला नाही.

इंटरनेटवरचे फोन आले ते आधी छपरावरच्या तबकडीतून. उपग्रह जमिनीपासून सुमारे 36,000 किलोमीटरवर. बोललेलं पलीकडे पोचायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. दोघांचे ‘हो’ एकमेकांवर आदळायचे. जोडणीचा वेगही तुटपुंजा, म्हणून साध्या फोनच्या आवाजाला लागणाऱ्या 64 किलोबिटऐवजी आम्ही आवाज 8 किलोबिटांत दाबून पाठवत असू. तो पातळ होई, सर्दी झाल्यासारखा. फायबर आल्यावर मात्र सांगलीचा माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू येऊ लागला. चार आकडे दाबले की कुठलीही शाखा, आणि बिल नाही. पेढीचे पैसे वाचले आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

पण जुना फोन आणि नवा फोन एका टेबलावर असूनही एकमेकांना जोडता येत नव्हते. कंपनीच्या आतलं बोलणं इंटरनेटवरून चालवायला हरकत नव्हती, मात्र ते बाहेरच्या सार्वजनिक लाइनला जोडून एसटीडीचा आकार चुकवायला सरकारी मनाई होती. म्हणून आतल्यांसाठी एक फोन, गावासाठी दुसरा, असे दोन्ही टेबलावर राहिले.

आणि गाव त्या दुसऱ्यालाच ओळखत होतं. त्याचा नंबर शटरवर रंगवलेला होता. आखाडा बाळापूरकडचे शेतकरी हळद शिजवून, वाळवून, ढोलात घालून पॉलिश झाली की आधी फोन करत. “पेढी का? आज काय निघाला हो भाव?” ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या मुलांच्या शाळेच्या अर्जावर हाच नंबर असे, पुढे ‘पी.पी.’ लिहून. लग्नपत्रिकेतही तसाच. पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा फोन आला की दिवाणजी सांगत, “दहा मिनिटांनी परत कर रे, तुझ्या आईला बोलावून घेतो.” मग गोदामातलं एखादं पोरगं वस्तीकडे पळायचं. कुणी गेल्याची खबर याच फोनवर आली, नोकरी लागल्याचीही.

पुढे रस्त्याचं रुंदीकरण झालं, जमिनीखालची केबल पुन्हा पुन्हा तुटली, आणि डेड फोन जिवंत करण्यापेक्षा तो काढून टाकणं हिशेबात बसलं. निदान नंबर तरी राहावा म्हणून मी चौकशी केली. मोबाइलचा नंबर 2011 पासून देशभर कंपनी बदलली तरी सोबत नेता येतो. लँडलाइनच्या नंबराला तशी सोय नाही.

माझ्या लेखी खरं नुकसान तेच. चार आकडी एक्स्टेन्शन शाखेला सांगलीशी जोडतं, पण बाळापूरच्या शेतकऱ्याला ते लावता येत नाही. आता तो भाव विचारायला मॅनेजरच्या मोबाइलवर फोन करतो. मॅनेजरची बदली झाली की नंबर त्यांच्याबरोबर जातो, आणि नव्या साहेबांचा नंबर घ्यायला त्याला पुन्हा फाट्यावर यावं लागतं.