थंडीतला समुद्र आणि जावयाचा गळ

मासेमारी म्हटलं की आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं कारवारची रापण उभी राहते. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना दोर ओढणारी पन्नासेक माणसं, वाळूत तडफडणारे बांगडे आणि टोपल्या घेऊन वाट बघणाऱ्या बायका. १९७० च्या दशकात पर्ससीन जाळी आली आणि रापणीचे ते दिवस गेले, पण मनातलं चित्र काही गेलं नाही. आता कुणी एकटाच माणूस, हातात लवलवती काठी, कमरेला भांडी घासायच्या टबासारखं काहीतरी बांधून, ऐन थंडीत मांडीभर पाण्यात दोन-तीन तास उभा आहे आणि धरलेले मासे परत समुद्रात सोडून रिकाम्या हातानं घरी येतो आहे, असं सांगितलं तर त्याला आपण मासेमारी म्हणणार नाही. दुसरंच काहीतरी म्हणू.

माझा जावई हे करतो. धारवाडचा, घरात अंडंसुद्धा न येणारं कुटुंब. लेकीचं पहिलं बाळंतपण एप्रिलमध्ये होतं, म्हणून आम्ही दोघं २०२४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेलो. पहिल्याच शनिवारी जावई म्हणाला, ‘‘मावा, बर्री, समुद्र बघून येऊ.’’ (आमच्या घरात मी लेकीचा बाबा, जावयाचा कधी मामा, कधी मावा. शब्दाचं टोक बदलतं, नातं तेच.) हायवे १७ नं सांताक्रूझचे डोंगर ओलांडले की पलीकडं माँटेरेचा उपसागर. मनरेसा नावाचा किनारा आहे, मोठा, सरळ, उघडा. आपल्या कारवारसारखी समोर बेटं नाहीत, नारळ नाहीत. समोर थेट जपानपर्यंत पाणी.

तिथं लाटांच्या फेसातच सर्फपर्च नावाचे मासे असतात. मनरेसाला सापडतो तो बहुतेक ‘बार्ड सर्फपर्च’. चपटा, चंदेरी, अंगावर तांबूस-पिवळसर उभे पट्टे. हात-दीड वितीचा मिळाला तर नशीब, वाढून वाढून सतरा इंच. लाट फुटते तिथं वाळू उसवते आणि वाळूतले किडे उघडे पडतात, ते खायला हे मासे पार गुडघाभर पाण्यापर्यंत येतात. त्यामुळं बोट लागत नाही, जाळं लागत नाही. किनाऱ्यावरनं गळ टाकला की झालं.

गळ म्हणजे मात्र आपला गळ नव्हे. घटप्रभेच्या काठी आम्ही पोरं कणकेची गोळी लावून गळ टाकायचो. शिशाचा तुकडा बांधलेला असायचा, तो भिरकावला की दोरा त्याच्या मागनं जायचा. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. गळाला पिसं, केस, चमकीचे धागे गुंडाळून खोटी माशी केलेली असते, तिला वजन जवळजवळ नाहीच. मग ती फेकायची कशी? म्हणून वजन दोरात. पुढचा तीसेक फूट दोर जाड, जड आणि बुडणारा, मागचा बारीक. नऊ-दहा फुटी काठी मागं-पुढं झुलवून तो जड दोर हवेत उलगडायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. लांबून बघताना कुणीतरी आभाळावर मोडीत काहीतरी लिहितोय असं वाटतं. मग दोर हातानं थोडा थोडा ओढत आणायचा. ओढलेला दोर पाण्यात पडला तर लाट तो पायांत गुंडाळते, म्हणून कमरेला ती टोपली. टोपलीच्या तळाला आतून लहान लहान शंकू असतात, गुंता होऊ नये म्हणून. बाजारात ती तयार मिळते, पण जावयानं खरंच भांड्यांच्या प्लॅस्टिकच्या टबाची केली होती. लेकीनं तो टब स्वयंपाकघरातून गेला म्हणून आधी दोन दिवस शोधला होता.

माशी बांधणं हा त्याचा रात्रीचा उद्योग. जेवणं झाली की टेबलावर छोटा शिकंजा लावायचा, त्यात गळ धरायचा आणि भिंगाखाली धागा गुंडाळत बसायचं. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात नदीतल्या माशांसाठी एक माशी काढली, तिच्यावर धातूचे दोन डोळे बांधलेले असतात. त्या वजनानं गळ पाण्यात उताणा होऊन चालतो आणि टोक वाळूत रुतत नाही. समुद्रावर तीच चालते. जावई तिच्या पोटाला नारिंगी धाग्याचा पुंजका लावतो. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, वाळूत अंगठ्याच्या पेराएवढा खेकड्याच्या जातीचा किडा असतो, त्याची मादी उन्हाळ्यात पोटाखाली नारिंगी अंडी घेऊन फिरते, मासे त्या रंगाला भुलतात. या किड्याचे भाऊबंद आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या वाळूतही आहेत. लाट परतताना वाळूत बुडी मारतात ते.

थंडीतच का जायचं? उन्हाळ्यात तिथं धुकं, गर्दी आणि वारा. हिवाळा हा तिथला पावसाळा, वादळं एकामागनं एक येतात आणि किनारा खरवडून नेतात. दोन वादळांच्या मध्ये दोन-चार दिवस लख्ख ऊन पडतं, समुद्र जरा निवतो, तेवढीच संधी. शिवाय हिवाळ्यात तिथल्या मोठ्या ओहोट्या दुपारी लागतात, उन्हाळ्यात त्या पहाटे असतात. ओहोटीला किनाऱ्यावर नुसतं फिरायचं. वाळूचा दांडा कुठं आहे, त्याच्या अलीकडं पन्हळ कुठं खोल झाली आहे, पाणी परत जायची वाट कुठली, हे सगळं उघडं दिसतं. ते ध्यानात ठेवायचं आणि भरती चढू लागली की त्याच जागी गळ टाकायचा. जावई पहिला तासभर गळाला हातच लावत नाही, नुसता हिंडतो. नांगर धरायच्या आधी शेतकरी वावरात फिरतो, तसा.

आणि भीतीही थंडीतच. पाणी बारा-तेरा अंश. बराच वेळ लाटा शहाण्यासारख्या येतात आणि मग अवचित एखादी दुप्पट उंचीची लाट किनाऱ्यावर खूप वरपर्यंत धावून येते. तिथलं हवामान खातं दर हिवाळ्यात या लाटांचे इशारे देतं आणि तरी माणसं ओढली जातात. छातीपर्यंतची ती जलरोधक विजार आत पाणी शिरलं तर माणसाला उठू देत नाही, म्हणून तिच्यावरनं पट्टा घट्ट आवळावा लागतो. ‘‘समुद्राकडं पाठ करायची नाही मावा, फोटो काढतानासुद्धा नाही,’’ हे त्यानं मला पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं.

आमच्या सौ.ना हे सगळं पसंत नव्हतं, आणि त्याला कारण थंडीचं नव्हतं. गरवारशी बाईच्या नवऱ्यानं समुद्रात उतरू नये आणि जीव मारू नये, हे त्यांच्या माहेरी पक्कं. धारवाडच्या विहीणबाईंचंही तेच मत असणार, पण त्यांना मुलगा फिरायला जातो एवढंच ठाऊक होतं. (आता ठाऊक झालंय, म्हणून इथं लिहितोय. नाहीतर बेळगावात छापलेलं धारवाडला पोचायला किती वेळ लागतो, हे मला माहीत आहे.) जावयाचं उत्तर ठरलेलं. ‘‘अत्ती, मी मारतच नाही. धरतो आणि सोडतो.’’ गळाचं उलटं टोक त्यानं पकडीनं दाबून टाकलेलं असतं, मासा पाण्यातच मोकळा होतो.

माझी तक्रार नेमकी यावरच होती. पोटासाठी मासा मारणं मला कळतं. आमच्या घरी बुधवार-रविवार मासळी असते. पण नुसतं धरायचं आणि सोडायचं, ही कसली करमणूक? त्याच्या तोंडात गळ रुततो तो रुततोच ना? मी हे बोललो, तेव्हा जावई वाद न घालता पुढच्या खेपेला माझ्यासाठी दोन मासे घेऊन आला. लहान, नऊ-दहा इंचांचे, दोन्ही नर. नर ओळखायला सोपा, पोटाखालच्या मागच्या पराशी त्याला मांसल जाडी असते. सौ.नी बेळगावहून नेलेलं आमसूल घालून कालवण केलं. पांढरं, मऊ, जरा गोडसर मांस, काटे बरेच. सुरमईची सर नाही, पण वाईट म्हणणार नाही. जावई शेजारी बसून सारू-भात जेवला आणि मी काटे कसे काढतो ते लक्ष देऊन बघत होता.

नर लहान का, ते मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं असं नाही, पण उत्तर फेब्रुवारीच्या शेवटी आपोआप मिळालं. त्या दिवशी भरती नुकती चढत होती. काठी एकदम वाकली. चौदा इंचांचा तरी मासा असेल, मी पाहिलेला सगळ्यांत मोठा. जावयानं हात ओले केले, मासा पाण्यातच धरला, गळ काढला. तेवढ्यात त्याच्या तळव्यावर काहीतरी सांडलं. मला वाटलं गाबोळी. बघतो तर मासे! बोटाच्या दीड पेराएवढे, चंदेरी, पूर्ण घडलेले, डोळे असलेले, पर असलेले. दोन. एक हलत होतं, एक हलत नव्हतं.

त्यानं आई सोडली, पिल्लं सोडली. मग दोर गुंडाळला, टोपली सोडली आणि गाडीकडं चालू लागला. भरतीचे चांगले दोन तास बाकी होते. गाडीत हायवे लागेपर्यंत बोलला नाही आणि मग एवढंच म्हणाला, ‘‘मन्याग हेळब्याडरी, मावा.’’

घरी सांगू नका म्हणाला, तरी मी सौ.ना सांगितलं. चाळीस वर्षांची सवय. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री लेकीवरनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, आणि जावयालाही समोर बसवून त्याच्यावरनंही उतरवल्या.

नंतर मी वाचून काढलं. सर्फपर्चचं सगळं कूळच पिल्लं देणारं. १८५२ मध्ये ए. सी. जॅक्सन नावाच्या गृहस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोला गळ टाकून असा मासा धरला, कापला, तर पोटात जिवंत पिल्लं. खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडली तर पोहू लागली. त्यांनी हार्वर्डच्या लुई अगासी यांना कळवलं आणि अगासींनी १८५३ मध्ये या माशांचं नवं कूळ जाहीर केलं, त्यातल्या एका जातीला जॅक्सनचं नाव दिलं. (त्या किनाऱ्यावर हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांनी मासा कधी कापलाच नव्हता असं थोडंच आहे! पण नाव ठेवायचा मान कागद लिहिणाऱ्याला.) आईच्या पोटातल्या द्रवातून पिल्लं आपल्या मोठ्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या परांमधनं पोषण घेतात. बार्ड सर्फपर्चचं मीलन हिवाळ्याच्या तोंडाला, पिल्लं मार्च ते जुलै. एका मादीच्या पोटात चारपासून एकशे तेरापर्यंत पिल्लं मोजलेली आहेत, सरासरी तेहेतीस. आणि मोठा मासा म्हणजे मादीच, नर तेवढे वाढतच नाहीत. धरल्यावर घाबरून मादी अवेळी पिल्लं टाकते, हेही त्या किनाऱ्यावरच्या जुन्या गळवाल्यांना माहीत असतं.

म्हणजे थंडीत जो मोठा मासा गळाला लागावा म्हणून माणूस बर्फासारख्या पाण्यात उभा राहतो, तो बहुतेक वेळा पोटुशी मादी. मला यात सगळ्यांत खटकली ती माझीच जीभ. बांगड्यात गाबोळी निघाली की आमच्या घरात ती कुणाच्या ताटात, यावर भांडण. अंडी तीच, पिल्लंही तीच, फक्त थोडी पुढं गेलेली. डोळे दिसले की घास अडतो, हे बरोबर की चूक मला ठरवता आलं नाही. पण अडतो खरा. मी परत आल्यावर गाबोळी खाल्ली आणि आवडीनं खाल्ली. मात्र धरून सोडण्याला जावई ‘मारतच नाही’ म्हणायचा, ते आता तो म्हणत नाही आणि मीही तो विषय काढत नाही.

लेकीला आठवड्यानं कळलंच. ती जेवता जेवता म्हणाली, ‘‘तेहेतीस? मला एकच पुरे झालंय!’’ आणि मग हसू थांबल्यावर नवऱ्याला म्हणाली, ‘‘आता जुलैपर्यंत बंद.’’ सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत या माशांना १ एप्रिल ते ३१ जुलै सरकारी बंदी आहे, पण उघड्या समुद्रावर ती लागू नाही, हे जावयानं तिला समजावून पाहिलं. ‘‘माझ्या घरात लागू आहे,’’ असं उत्तर आलं. मला गंमत वाटली ती तारखेची. आपल्या कर्नाटकात आणि गोव्यात यांत्रिक होड्यांना १ जूनपासून बंदी असते, तीही ३१ जुलैलाच संपते.

बाळ एप्रिलमध्ये आलं, आम्ही जूनमध्ये परतलो. ऑगस्ट उजाडला, दसरा झाला, तरी काठी गॅरेजच्या भिंतीला टांगलेलीच आहे असं लेक फोनवर सांगते. रात्री बाळ झोपलं की माश्या मात्र बांधत बसतो. परवा त्यानंच फोन घेतला आणि म्हणाला, ‘‘मावा, तिथला नारिंगी धागा फेसात फिका पडतो. पुढच्या खेपेला शहापुरातनं चांगलं रेशीम आणाल?’’ कशासाठी, ते मी विचारलं नाही. ओळखीच्या विणकराकडून दोन लड्या आणून कपाटात ठेवल्या आहेत.