अजबबंगल्यांत एक सकाळ

नागपूरच्या धंतोलींत जुने बंगले एकामागून एक जाऊन त्यांच्या जागीं इस्पितळें उभीं राहिलीं. १९२८ सालीं स्थापन झालेला रामकृष्ण मठ मात्र आहे, आणि माझी ओसरीही अद्याप आहे. तेथें सायंकाळीं एक वृद्ध स्नेही येऊन बसतात. दुसऱ्या एका गांवच्या संग्रहालयांत त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ शिपायाची चाकरी केली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. एकदां मीं म्हटलें, "अण्णा, आतां पाहुणे म्हणून एखादें संग्रहालय पाहूं या."

सीताबर्डी ओलांडून, शून्य मैलाच्या स्तंभाजवळून आमची रिक्षा सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयापाशीं आली. सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दींत, १८६० नंतर लवकरच, हें स्थापन झालें. नागपूरकर याला अजबबंगला म्हणतात.

बालाघाट जिल्ह्यांतील गुंगेरिया येथें १८७० सालीं तांब्याचीं ४२४ हत्यारें व रुप्याचे १०२ पत्रे सांपडले. त्यांपैकीं कांहीं वस्तु या संग्रहांत आहेत. त्यांविषयीं मी बोलूं लागतांच अण्णा म्हणाले, "मास्तर, तांब्याला उघडा हात लावूं नये. घामांतील क्षारानें हिरवा गंज धरतो. आम्हांला हें ठाऊक नव्हतें. धोतराच्या सोग्यानें पुसून मोकळे होत होतों."

मग जुन्या दिवसांचा पेटारा उघडला. भुसा भरलेल्या वाघ-सांबरांच्या कातड्यांना कीड लागूं नये म्हणून पूर्वीं सोमल चोळीत. कपाटांत डी.डी.टी.ची भुकटी अण्णा हातानेंच शिंपडीत. नाकाला कापड नाहीं. दुपारीं तेच हात धुवून भाकरी खावयाची. उन्हाळ्यांत ताट्या भिजवावयाच्या, पावसाळ्यांत ओल पुसावयाची. पुढें कपाटांतील दमटपणा मोजणारें यंत्र आलें, हातमोजे आले, नोंदवह्या जाऊन संगणक आला.

"हातमोजे आले ते तांब्याच्या जिवासाठीं," अण्णा हंसून म्हणाले. "त्यांत आमचे हात वांचले, इतकेंच. नाकाला पट्टी पुष्कळ वर्षांनीं मिळाली."

बोलतां बोलतां त्यांना खोकल्याची उबळ आली. तो खोकला त्या भुकटीचा कीं वयाचा, हें डॉक्टरही निश्चित सांगूं शकत नाहींत. अण्णांची तक्रार नाहीं. नव्या मुलांना पहिल्या दिवसापासून पट्टी व मोजे मिळतात, याचाच त्यांना आनंद आहे. मला मात्र तो खोकला ऐकवेना.

परमार राजा नरवर्मा याच्या काळचा, विक्रम संवत् ११६१ चा संस्कृत शिलालेखही याच संग्रहांतील. मी त्यांना त्या राजवंशाची कथा सांगूं लागलों. अण्णांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "यांत दगड घडविणाऱ्याचें नांव असतें का हो?"

मीं सांगितलें कीं, प्राचीन लेखांत राजाबरोबर लिहिणाऱ्याचें व कोरणाऱ्याचें नांवही पुष्कळदां आढळतें. अण्णा क्षणभर थांबले. "मग ते लोक शहाणे होते," एवढेंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर मीं या सकाळीविषयीं लिहिण्याचा मनोदय सांगितला. तेव्हां अण्णांनीं हात जोडले. "लिहा, पण माझें नांव घालूं नका," असें ते म्हणाले. त्यांच्या शब्दाला मान देऊन मीं तें येथें दिलेलें नाहीं. वाचकांनीं मात्र पुढें कधीं एखाद्या स्वच्छ कांचेआड ठेवलेली वस्तु पाहिली, तर ती पुसणाऱ्या हातांचें क्षणभर स्मरण करावें.