रेघ की शून्य?

नवागामच्या आमच्या घरात दोन खोल्या, पाच माणसं आणि एक टेबल. त्या टेबलावर मार्चभर चिखलाचे डाग पडलेली एक वही होती. मेघालयातल्या एका गुहेच्या मोजणीची. मोजणाऱ्यांत मी होते, आणि आकडे संगणकात भरायचं कामही माझ्याकडेच आलं होतं.

आईने वही उलटसुलट करून पाहिली. "हाई काय शे? अजिंठानी गुहा का?"

जळगावकडच्या माणसाला गुहा म्हटलं की अजिंठाच आठवणार! पण अजिंठा छिन्नीने कोरलेला. तिथलं दहा नंबरचं लेणं सुमारे साडेतीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, असं दोन आकड्यांत सांगता येतं. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा पाण्याने दगड विरघळवून केल्यात. दर पावलाला रुंदी वेगळी. छत कधी डोक्याला लागतं, कधी टॉर्चचा उजेडही तिथवर पोचत नाही.

अशी गुहा मोजतात ती खुणेखुणेने. एका खुणेपासून दुसरीपर्यंतचं अंतर, दिशा आणि चढउतार घ्यायचा. त्यातून मिळते फक्त एक वाकडीतिकडी रेघ. तिला अंग येतं ते प्रत्येक खुणेपाशी घेतलेल्या चार मापांनी: डावी भिंत, उजवी भिंत, वर छत, खाली जमीन. आईला समजावं म्हणून मी खाटेवर बसून लेझर यंत्र चारी बाजूंना लावलं. डावीकडे १.१, उजवीकडे १.६, वर २.३, खाली ०.८. "झाली आपली खोली!" डावं-उजवं मात्र मोजणी ज्या दिशेने चालली तिकडे तोंड करूनच ठरवायचं, नाहीतर परत येताना सगळं उलटं होतं. सर्व्हेक्स नावाची मोफत प्रणाली या चार आकड्यांवरून पडद्यावर नळीसारखा बोगदा उभा करते. खरा आकार त्यात येत नाही, त्यासाठी वहीतलं हाताने काढलेलं चित्रच लागतं. तरी पहिल्यांदा ती नळी फिरवून पाहिली तेव्हा मी जेवायला उठले नाही.

वहीत एका खुणेपुढे 'खाली'चा रकाना कोरा होता. तिथे विहिरीसारखा खड्डा होता, तळाशी पाणी. लेझरला परतीचा ठिपका मिळाला नाही आणि दोर पुरला नाही. सोबतच्या एकाने फोनवर सुचवलं, "शून्य टाक आणि पुढे जा."

बाबा ऐकत होते. त्यांनी तीस वर्षं लूम चालवले. एका कारखान्यात वीज गेली त्या पाळीला वहीत रेघ मारायची पद्धत होती. नव्या मुनीमाने रेघेऐवजी शून्य लिहायला सुरुवात केली. शून्य म्हणजे लूम चालू होता पण कारागिराने कापड काढलं नाही. पंधरवड्याच्या पगारातून पैसे कापले गेले, बाबांचे आणि शेजारच्या चौघांचे. ते परत मिळाले नाहीत. त्या महिन्यात माझी शाळेची फी मामांनी भरली, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

"मोजलं नाही ना? मग रेघ मार," एवढंच ते म्हणाले.

सर्व्हेक्समध्येही न घेतलेल्या मापाला आडवी रेघच देतात. शून्य दिलं असतं तर नकाशावर तिथे जमीन आली असती. आणि जिथे जमीन आहे तिथे पुन्हा दोर घेऊन कोण जाईल? मेघालयात १९९२ पासून देशी-विदेशी मंडळी गुहा मोजताहेत, आणि त्याच चुनखडीसाठी खाणीही चालतात. चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतल्या दगडी स्तंभावरून तर शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या गेल्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला 'मेघालयन' नाव दिलं. अशा प्रदेशात एक खड्डा नकाशावर बुजवणं मला परवडणारं नव्हतं.

मी रेघ टाकली. शेजारी टीप लिहिली: 'तळ मोजलेला नाही, पाणी, लांब दोर आणावा.' बाबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि विचारलं, किती मीटरचा दोर लागेल.