आतली पांजणी

माझ्या आजोबांच्या काळी सोलापूरच्या गल्ल्यांतून ताणा ताणून त्यावर कुंच्याने खळ सारीत, आणि ती पांजणी चांगली साधली की सूत मागावर तुटत नाही, एवढेच ज्ञान वारशात घेऊन मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांजवळ उमेदीची वर्षे घालविली. त्यामुळे उसाच्या साखरेपासून होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे बहुवारिक, म्हणजे पीएलए, वितळवून त्याची तार ओढण्याच्या प्रयोगाचा जिम्मा माझ्याकडे आला, तेव्हा येथली खळ तार जन्मण्यापूर्वीच रसात कालवावी लागते, हे पचनी पडायला मला बराच अवधी लागला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. 10 लक्ष भागांत सुमारे 50 भागांहून अधिक ओल पीएलएच्या दाण्यांना खपत नाही, आणि मी त्यांच्या वाळवणीत हयगय केली होती. 210 अंशांच्या उष्णतेत तेवढ्याशा पाण्यानेही त्यांच्या रेणूंच्या दीर्घ साखळ्या तुटल्या आणि स्पिनरेट नावाच्या चकतीच्या छिद्रांतून तार निघण्याऐवजी काकवी ठिबकावी तसा रस ठिबकू लागला. तुटक्या साखळ्या सांधणारे इपॉक्सी जातीचे द्रव्य मिळते. ते घालून मी काही दिवस माझ्या हयगयीवर पांघरूण घातले, पण मात्रा किंचित चढताच रसात गाठी धरल्या, गाळणीवरचा दाब वाढला आणि तार बॉबिनवर येण्याआधीच तुटू लागली.

त्याहून मोठा मामला मृदुकारकाचा. पीएलएची तार स्वभावतः ठिसूळ. सायट्रेट हे मृदुकारक घातले की ती लवचीक होते, रस सहज वाहतो, ओढही सुखाची होते, आणि नमुना हातात घेणारा गिऱ्हाईक तत्काळ प्रसन्न होतो. मात्र ज्या 55 ते 60 अंशांखाली ही तार ताठर राहून आपला आकार धरते, तो उंबरठा शेकडा 10 सायट्रेटने चाळिशीच्या आसपास उतरतो. आणि सोलापूरचा एप्रिल चाळिशी केव्हाच ओलांडतो, पत्र्याखालची दुपार तर विचारूच नये. एका सोमवारी पाहतो तो शनिवारी गुंडाळलेली सारी तार आक्रसून पुठ्ठ्याच्या नळीवर आवळून बसलेली, नळ्या आत चेपलेल्या आणि बोटांना सायट्रेटचा ओशटपणा! ग्रंथांतली कोष्टके बहुधा थंड प्रयोगशाळांत भरली जात असावीत, असा माझा नम्र ग्रह त्या दिवशी झाला.

स्फटिकीभवनासाठी घातलेल्या शंखजिऱ्याविषयी फार सांगण्याजोगे नाही: 15 ते 20 मायक्रॉन जाडीच्या तारेत त्याचा एखादा भरड कण आला की तार तेथेच तुटते, म्हणून ते फार बारीक दळलेले हवे.

ही तार जमिनीत पुरताच माती होते, ही समजूत मात्र मी गिऱ्हाइकासमोर खोडून काढतो. तिला 58 अंशांच्या आसपास तापलेला, ओला, जिवंत खतढीग लागतो. शेताच्या बांधावर ती वर्षानुवर्षे पडून राहील.

सध्या सायट्रेट शेकडा 3 वर आणले आहे, दाणे 80 अंशांवर रात्रभर वाळतात, आणि भरलेल्या बॉबिनी पत्र्याच्या छपराखालून हलवून मागल्या दगडी खोलीत ठेवतो.