ला ग्रेंजची इंजिनं, युनियनचे रूळ

शिकागोच्या युनियन स्टेशनातून ऑरोराकडे जाणारी मेट्रा लोकल सुटली की काही मिनिटांतच हॉल्स्टेड स्ट्रीट येतं. इथे मुद्दाम उतरावं असं काही नाही. तरीही मी उतरलो, कारण अमेरिकेच्या रेल्वेनं ज्या दिवशी कूस बदलली तो दिवस या जागी संपला होता.

तारीख २६ मे १९३४. पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी डेन्व्हरहून निघालेली, स्टेनलेस स्टीलची तीन डब्यांची एक गाडी त्या संध्याकाळी हॉल्स्टेड स्ट्रीटची रेघ ओलांडून गेली. १,०१५ मैल, म्हणजे सुमारे १,६३३ किलोमीटर अंतर तिनं वाटेत एकदाही न थांबता १३ तास ५ मिनिटांत कापलं होतं. वाफेच्या गाडीला त्याच मार्गावर पंचवीसेक तास लागत. गाडी शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी कंपनीची, नाव झेफर. हॉल्स्टेडहून ती थेट तळ्याकाठी भरलेल्या जागतिक प्रदर्शनात, चालू कार्यक्रमाच्या रंगमंचावर जाऊन उभी राहिली.

वाटेत सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका दरवाजात सापडून स्टार्टरची तार तुटली आणि इंजिन बंद पडलं. गाडी नुसत्या मिळालेल्या वेगावर घरंगळत राहिली, वेग उतरत चालला. थांबली असती तर विक्रम गेलाच होता. तेव्हा गाडीतल्या एकानं तारेची दोन्ही टोकं उघड्या हातांनी एकमेकांना टेकवून धरली. हात भाजले, पण इंजिन सुरू झालं. त्या दिवसाचं वर्णन करताना लोक वेगाचे आकडे सांगतात. मला ते भाजलेले हात जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण त्या काळात डिझेलवर एवढा भरवसा टाकणं हेच मुळात धाडस होतं.

ती गाडी आज शिकागोच्या ग्रिफिन म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीमध्ये आहे. पन्हळी पत्र्याची तिची कूस अजून लखलखते. ६०० अश्वशक्तीचं विन्टन कंपनीचं आठ सिलिंडरचं इंजिन हे तिचं काळीज. या इंजिनाची जन्मकथा सुरस आहे. १९३३ मध्ये त्याच जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं आपल्या दालनाला वीज पुरवायला अशी दोन इंजिनं ठेवली होती. दिवसा ती चालत आणि रात्रभर इंजिनिअर मंडळी त्यांची दुरुस्ती करत. बर्लिंग्टनचे अध्यक्ष राल्फ बड यांनी ती पाहिली आणि आपल्या नव्या गाडीसाठी मागितली. बनवणाऱ्यांनाच खात्री नसलेली वस्तू विकत घेणारा असा माणूस भेटला नसता, तर डिझेलचं पाऊल कदाचित दहा वर्षं उशिरा पडलं असतं.

हॉल्स्टेडहून पुन्हा लोकल पकडली. हाच बर्लिंग्टनचा जुना तिहेरी मार्ग. मधल्या रुळावरून जलद लोकल धडधडत जाते आणि आपल्या डब्याच्या काचा थरथरतात. उतरायचं होतं ला ग्रेंजला. जगभरच्या डिझेल-वेड्यांना हे नाव पाठ असतं, पण कारखाना खरं तर शेजारच्या मकूक गावच्या हद्दीत होता. टपालाचा पत्ता ला ग्रेंजचा, म्हणून इंजिनांच्या पाट्यांवरही तेच नाव आलं. इलेक्ट्रो-मोटिव्ह ही कंपनी हॅरॉल्ड हॅमिल्टन यांनी १९२२ मध्ये काढली, १९३० मध्ये ती आणि विन्टन दोन्ही जनरल मोटर्सकडे गेल्या, आणि १९३५ मध्ये या जागी कारखान्याचं काम सुरू झालं.

इथे १९३८ मध्ये जे इंजिन तयार झालं त्याचं नाव ५६७. एका सिलिंडरचं आकारमान ५६७ घनइंच, म्हणून ५६७. पुढच्याच वर्षी त्यावर चालणारी एफटी जातीची चार जोडलेली युनिट्स १०३ क्रमांक घेऊन बाहेर पडली. एकूण ताकद ५,४०० अश्वशक्ती. अकरा महिन्यांत त्यांनी ३५ राज्यांतून, २० रेल्वे कंपन्यांच्या रुळांवरून ८३,७६४ मैल मालगाड्या ओढून दाखवल्या. झेफरनं लोकांची मनं जिंकली होती, १०३ नं हिशेबनीसांची जिंकली. सांता फे कंपनीनं सर्वात आधी मोठी मागणी नोंदवली, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वाफेच्या इंजिनांना पाजायला पाणी नव्हतं, ते टाक्यांच्या गाड्या भरून न्यावं लागे. डिझेलला ते लागतच नव्हतं.

पण माझ्या मते ला ग्रेंजचं खरं कर्तृत्व इंजिनापेक्षा ते विकण्याच्या पद्धतीत होतं. वाफेची इंजिनं कंपनीगणिक वेगळी असत. चढ कसा, कोळसा कोणता, पूल किती वजन पेलतो हे पाहून ती बेतली जात. ला ग्रेंजनं सांगितलं की आमच्या यादीतून निवडा, रंग तुमचा. जास्त ताकद हवी तर आणखी एक युनिट जोडा, सगळी एकाच चालकाच्या हातात राहतील. सुटा भाग बिघडला तर आमच्याकडून तोच मागवा, तो बसणारच. १९४९ ते १९५३ या काळात एकट्या एफ-७ जातीची ३,८०० हून अधिक युनिट्स बनली. १९६० पर्यंत मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या रोजच्या कामातून वाफ संपली होती.

या घाईत माणसं किती विस्कटली, हे कौतुकाच्या पुस्तकांत फारसं येत नाही. दर शंभर-सव्वाशे मैलांवर इंजिन बदलणारी, पाणी-कोळसा भरणारी गावं होती. तिथले बॉयलर जोडणारे, राख काढणारे, गोल शेडमध्ये रात्रपाळी करणारे लोक एका पिढीच्या आत निकामी झाले. डिझेलवर फायरमन हवाच का, यावर कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षं तंटा चालला आणि १९६३ मध्ये तो सरकारी लवादापर्यंत पोचला. पुढे नियतीनं ला ग्रेंजलाही तोच न्याय लावला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथली इंजिन-जुळणी थांबून कॅनडातल्या लंडन गावी गेली. २०१२ मध्ये तिथलाही कारखाना बंद झाला. आज मकूकच्या रस्त्यावरून पाहिलं तर ज्या छपरांखालून हजारो इंजिनं बाहेर पडली, त्यांतली बरीचशी उरलेली नाहीत.

ती इंजिनं पाहायची तर युनियनला जावं लागतं. शिकागोच्या वायव्येला, सुमारे ९० किलोमीटरवर, मका-सोयाबीनच्या सपाट रानात हे छोटंसं गाव आहे. तिथे लोकल जात नाही, मोटारीशिवाय इलाज नाही. दुतर्फा पुरुषभर उंचीचा मका, मध्येच धान्याचे उंच कोठार-मनोरे, आणि मग एकाएकी शेतात रूळच रूळ दिसू लागतात. हे इलिनॉय रेल्वे म्युझियम. १९५३ मध्ये भंगारात निघालेली एक विजेची गाडी वाचवण्यासाठी दहा जण एकत्र आले, त्यातून ही संस्था उभी राहिली. १९६४ मध्ये ती युनियनला आली. एका बंद पडलेल्या विद्युत रेल्वेची मोकळी वाट तिथे मिळाली होती, तिच्यावर स्वयंसेवकांनी पुन्हा सुमारे आठ किलोमीटर रूळ टाकले. स्टेशनची लाकडी इमारत १८५१ ची, शेजारच्या मरेंगो गावातून उचलून आणलेली.

पहिल्या शेडमध्ये सिल्व्हर पायलट उभं आहे. बर्लिंग्टनचं १९४० चं ई-५, आपल्या जातीतलं जगात उरलेलं एकमेव. मागे १९३६ चे पाच जोडडबे, प्रत्येकाला देवतेचं नाव : व्हीनस, व्हेस्टा, मिनर्व्हा, सेरीस, जुनो. हंगामात ठरावीक दिवशी ही पूर्ण गाडी धावते. जगात दुसरीकडे कुठेही हे दृश्य नाही, तेव्हा तारखा पाहूनच जावं.

मला मात्र शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या पिवळ्या-हिरव्या एफ-७ जवळून हलवेना. त्याचं ते प्रसिद्ध गोल नाक साच्यात एका झटक्यात दाबून काढलेलं नसे. पत्र्याचे अनेक तुकडे जोडून, लांबी भरून, हातानं घासून ते गुळगुळीत केलं जाई. आत गेलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. त्या दिवशी एक निवृत्त स्वयंसेवक इंजिन सुरू करण्याच्या तयारीत होते. आधी त्यांनी सोळाही सिलिंडरांचे तपासणी-कॉक पान्यानं उघडले आणि इंजिन थोडं फिरवून घेतलं. रात्रीत कुठून पाणी झिरपून सिलिंडरात साचलं असेल तर ते पिचकारीसारखं बाहेर येतं. तसंच सुरू केलं तर पाणी दबत नाही, दांडा वाकतो. पाणी नव्हतं. त्यांनी कॉक एकेक करून बंद केले, इंधनाचा पंप चालू केला आणि बटण दाबलं. ज्या जनरेटरनं पुढे वीज बनवायची तोच आता बॅटरीवर मोटरसारखा फिरतो आणि इंजिनाला ढकलतो. दोन-चार जड उसासे, मग एक सिलिंडर, मग दुसरा, आणि पायाखालची जाळी थरथरू लागली. त्यानंतर बोलणं अशक्य होतं.

नंतर बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की या इंजिनांच्या पाण्यात गोठण-विरोधी द्रव घालत नाहीत. तो गळून तेलात मिसळला तर बेअरिंगं खातो. म्हणून हिवाळा तोंडावर आला की एकूण एक इंजिनाचं पाणी काढून टाकायचं आणि वसंतात पुन्हा भरायचं. हे सगळं विनावेतन.

मागच्या रुळांवर युनियन पॅसिफिकचं ६९३० आहे. दोन इंजिनं, ६,६०० अश्वशक्ती, ३० मीटर लांबी. त्याच्यापुढे उभं राहिलं की मान दुखते. पण माझे पाय अडले ते बर्लिंग्टनच्या एसडी-२४ क्रमांक ५०४ पाशी. ५६७ ला टर्बोचार्जर लावून १९५८ मध्ये हे मॉडेल निघालं, आणि भारताला १९६२ मध्ये जी ७२ डब्ल्यूडीएम-४ इंजिनं मिळाली ती याचीच निर्यातीसाठी केलेली भावंडं. १९६९ मध्ये हावडा-दिल्ली मार्गावर देशातली पहिली राजधानी एक्सप्रेस त्यांनीच ओढली. त्याच १९६२ मध्ये जनरल मोटर्सची प्रतिस्पर्धी आल्को हिची २,६०० अश्वशक्तीची इंजिनंही भारतात उतरली. आल्को तंत्रज्ञान द्यायला तयार झाली, म्हणून करार तिच्याशी झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडलं. पुण्याच्या आणि कल्याणच्या शेडमध्ये ज्यांची फौज होती, ज्यांनी मिरज-कोल्हापूरकडच्या आणि कोकणातल्या गाड्या ओढल्या, ज्यांच्या काळ्या धुरानं फलाटावरचे पांढरे सदरे मळले, ती इंजिनं या घराण्याची. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची आल्को १९६९ मध्ये बंद पडली. वाराणसीत तिच्या इंजिनाच्या सुधारित आवृत्त्या त्यानंतर चाळीसेक वर्षं बनत राहिल्या.

आता आपल्याकडे मार्गांचं विद्युतीकरण झपाट्यानं झालं आणि ही इंजिनं भंगारात चालली आहेत. काहींना रंग देऊन चौथऱ्यावर बसवतात. चौथऱ्यावरचं इंजिन ही मूर्ती असते, तिचा आवाज, वास, थरथर काहीच पुढच्या पिढीला कळत नाही. ती खोलून बसवणारे जुने फिटर अजून आपल्यात आहेत, सुटे भागही अजून मिळतात. युनियनच्या दहा जणांकडे १९५३ मध्ये याहून कमी होतं. महाराष्ट्रातलं एखादं डब्ल्यूडीएम-२, एखादी बंद शाखा-लाइन आणि निवृत्त रेल्वे कामगारांचा एक गट, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं. ज्यांचं आयुष्य डिझेल शेडमध्ये गेलं त्यांनी, आणि ज्यांच्या हाती ही इंजिनं मोडीत काढण्याचा अधिकार आहे त्यांनीही, किमान एक चालतं इंजिन राखून ठेवावं. भंगाराचा लिलाव झाल्यावर ते परत मिळणार नाही.